आठ वेळा, दोन्ही हात

आधीचा पट्टा पुतण्याचा होता, बाजारातला.
रोज रात्री नऊला मनगटावर थरथरायचा
आणि सांगायचा: आज शून्य पावलं. उद्या प्रयत्न करा.
रायवंतानं तो कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिला.

हा नागपूरच्या दवाखान्यातून आला.
पट्टा मनगटाला, आणि बटणाएवढी एक डबी
खुर्चीच्या चाकाला, आऱ्याशी तारेनं बांधलेली.
हा पावलं विचारत नाही.
चाक किती फिरलं, हातांनी किती ढकललं,
दर अर्ध्या तासानं मी दोन्ही तळव्यांवर
स्वतःला उचललं की नाही,
एवढंच.

बेंबीखाली मला काही कळत नाही.
टोंगळ्यावर मुंगळा चढला
तर तो दिसतो तेव्हाच असतो.

दर दुसऱ्या शनिवारी अश्लेषा मॅडम येतात,
स्कूटीवर, केसांत धानाचा कोंडा घेऊन.
सांदवाडीत बसून माझे चौदा दिवस
मोबाईलमध्ये उतरवून घेतात.
पहिल्या खेपेला खूश झाल्या:
दिवसाला अकरा हजार हालचाली, इस्तारीभाऊ!
रायवंता तोंडाला पदर लावून हसली.
"बिड्या आहेत जी त्या."
पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा मारायचा.
पट्ट्याला वाटलं, मी साकोलीला जाऊन आलो.

तेव्हापासून वही.
रायवंताच्या अक्षरात तीन रकाने:
खुर्ची. बिडी. बाकीचं.

बारा वर्षं मी नाटकाचा पडदा ओढला,
दिवाळीपासून होळीपर्यंत, झाडीतल्या गावोगाव.
वरची दोरी अडकली म्हणून बल्लीवर चढलो.
खाली नायिका मरत होती.
मी पडलो तेव्हा टाळ्या झाल्या.
लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.

पुसातल्या एका शनिवारी
मॅडमचं बोट आलेखावर थांबलं.
"रात्री नऊ वीसला चाक सुरू. साडेचार किलोमीटर.
मशीन बिघडली का?"
नाही जी.
नहराच्या काठानं, शंकरपटाच्या गावाला.
मागं टिकेश, बॅटरी घेऊन.
पोट्ट्याला हात लावू दिला नाही खुर्चीला.

"मग हे काय? चाक थांबलेलं,
आणि दोन्ही हात, वरून खाली, लांब लांब.
एकपासून पाचपर्यंत, आठ वेळा.
बिडी तर अशी नसते."

मी रायवंताकडे पाहिलं.
तिनं वहीकडे.
"चार अंकी होतं," शेवटी तीच म्हणाली.
"एकदा उघडाचा, एकदा पाडाचा."

मॅडम हसल्या नाहीत.
बोट खाली सरकवलं.
त्या साडेसात तासांत
स्वतःला उचलणं: शून्य.

मला कुशीवर वळवलं.
रायवंताला ठाऊक होतं, चार दिवसांपासून ती
हळदीचा हात लावत होती.
रुपयाएवढं लाल, मधे काळसर.
मला दिसत नव्हतं, म्हणून नव्हतं.
मॅडम जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.
त्यांचा आवाज मात्र चिरकला होता.

तीन आठवडे पालथा, दारासमोर खाटेवर.
समोर कापलेल्या बांधीत लाखोळी निळी होत गेली.
पट्टा मनगटावरच.
टिकेशनं आलेख दाखवला: पाटीवर ओढल्यासारखी
एक सरळ रेघ.
मधेच कुठं एखादा उंचवटा,
तो मी पाणी प्यायलो तिथला.

मंडळीचा मालक येऊन गेला.
माझ्याशी नाही, रायवंताशी बोलला, आंगणात,
बराच वेळ, हळू आवाजात.
दर अर्ध्या तासानं, एवढंच मला ऐकू आलं.

रात्री तिनं वही काढली
आणि पट्टीनं चौथी उभी रेघ मारली.
वर नाव लिहिलं नाही.
काय लिहिणार, मी उशीत तोंड खुपसून विचारलं.

म्हणाली,
आधी बूड बरं होऊ दे.